अकरावी-बारावीच्या फिजिक्समध्ये पोरं नक्की काय शिकतात

"अकरावी म्हणजे रेस्ट इयर, दहावीला पोरगं फार दमलंय, आता बारावीला बघू" असं कुणी म्हणालं की मला राहवत नाही. ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो, त्यामुळे या वाक्याचे परिणाम बारावीच्या वर्गात रोज समोर दिसतात. सीईटीत अकरावीचे प्रश्न कमी असतात हे खरंय, नीट-जेईईला मात्र दोन्ही वर्षं लागतात, पण मार्कांचा हिशोब क्षणभर बाजूला ठेवू कारण मला बोलायचंय ते वेगळंच आहे.

आपल्या बोर्डाच्या बारावीच्या पुस्तकात १६ धडे आहेत, रोटेशनल डायनॅमिक्सपासून सेमीकंडक्टरपर्यंत. अनुक्रमणिका बघूनच पोरांच्या पोटात गोळा येतो. प्रत्येक धडा सुटा वाटतो, प्रत्येकाची वेगळी डेरिवेशन्स, वेगळे फॉर्म्युले, आणि मग ती पाठांतराला लागतात. पण नीट बघितलं तर मोजक्याच कल्पना आहेत आणि त्याच वेष बदलून परत परत येतात, हे ज्याला कळलं तो फिजिक्स शिकला असं मी मानतो.

रेझोनन्स ट्यूबचंच घ्या. पाण्याने भरलेली उभी नळी, बाजूला तिला जोडलेलं, खालीवर करता येणारं भांडं. ट्युनिंग फोर्क रबराच्या पॅडवर आपटायचा, नळीच्या तोंडाशी धरायचा आणि भांडं हळूहळू खाली न्यायचं. पाणी उतरत जातं, आवाज बारीकच असतो आणि एका ठिकाणी नळी एकदम घुमते. वर्गात कितीही समजावलं तरी त्या क्षणी पोरांचा चेहरा जसा होतो तसा फळ्यापुढे कधीच होत नाही. ५१२ हर्ट्झचा फोर्क असेल, हवा २७ अंशांच्या आसपास असेल आणि नळी साधारण ४ सेंटीमीटर व्यासाची असेल तर पहिला रेझोनन्स, म्हणजे हे घुमणं, पाण्यावरची नळी १५.७ सेंटीमीटरच्या जवळ असताना मिळतो. आता एवढ्यावरच गणित केलं, म्हणजे नळीची लांबी म्हणजे तरंगलांबीचा चौथा भाग असं धरलं, तर आवाजाचा वेग येतो सेकंदाला ३२२ मीटर. कमी आला! का, तर हवेचं कंपन नळीच्या तोंडाशी संपत नाही, थोडं बाहेर जातं, व्यासाच्या ०.३ पट. मग पाणी अजून खाली न्यायचं, दुसरा रेझोनन्स ४९.६ ला सापडतो, दोन्ही रीडिंगची वजाबाकी केली की ती बाहेरची लांबी आपोआप उडून जाते आणि वेग येतो ३४७, जो यायला हवा तोच. चूक कुठून येते ते ओळखायचं आणि मोजमापच असं करायचं की ती वजा होऊन जाईल, एवढी मोठी गोष्ट पोरगं एका तासात स्वतःच्या हाताने शिकतं.

आणि हा ३४७ आकडा कुठून आला म्हणून मागे मागे जायला लागलं तर अर्धं पुस्तक उलगडतं. न्यूटनने हवेतल्या आवाजाचा वेग काढताना हवा दाबली जाताना तापमान तेच राहतं असं धरलं होतं, त्याने उत्तर येतं २८० च्या आसपास, शून्य अंशाला प्रत्यक्षात असतो ३३१-३३२. पुढे लाप्लासने सांगितलं की हवेचं दबणं-पसरणं इतकं झटपट होतं की उष्णतेला निसटायला वेळच मिळत नाही, म्हणजे क्रिया अ‍ॅडियाबॅटिक आहे, मग १.४ हा गॅमा (हवेच्या दोन विशिष्ट उष्णतांचं गुणोत्तर) आत येतो आणि उत्तर बरोबर जुळतं. हे अकरावीच्या साउंडमध्ये शिकवतात. हा १.४ का, ते बारावीत कायनेटिक थिअरीत कळतं, अ‍ॅडियाबॅटिक म्हणजे काय ते थर्मोडायनॅमिक्समध्ये, आणि नळी का घुमते ते सुपरपोझिशनमध्ये, म्हणजे तरंग एकमेकांत मिसळतात त्या धड्यात. अकरावी सोडलेल्या पोराला हे धागे जुळतच नाहीत, त्याला चार धडे चार दिशांना दिसतात.

तसंच स्प्रिंगचं. स्प्रिंगला लटकवलेलं वजन, छोटा पेंडुलम आणि एसी सर्किटच्या धड्यातलं कॉइल-कपॅसिटरचं सर्किट, तिघांचं समीकरण एकाच साच्यातलं. तिथे वजन वर-खाली होतं, इथे चार्ज. पुढे त्यातच रेझोनन्स येतो आणि रेडिओ स्टेशन कसं लागतं ते समजतं.

जत्रेतला मौत का कुआँ तर पुस्तकातच आहे. विहिरीची त्रिज्या ५ मीटर आणि घर्षणांक ०.५ धरला तर उभ्या भिंतीवरून खाली न घसरण्यासाठी लागणारा कमीत कमी वेग येतो ताशी ३६ किलोमीटरच्या जवळपास, आणि त्या उत्तरात वजन कुठेच नाही! म्हणजे बाईक असो नाहीतर मारुती कार, हिशोब तोच. दर वर्षी कुणीतरी विचारतंच की सर वजन गेलं कुठे, आणि मला तो प्रश्न फार आवडतो.

शेवटच्या धड्यांत फोटोइलेक्ट्रिक इफेक्ट, बोरचा अणू, डायोड वगैरे येतं, ते सुंदर आहे पण तिथे पोचेपर्यंत डिसेंबर उजाडलेला असतो आणि सगळं पळवलं जातं, याचं वाईट वाटतं.

सगळ्यात जास्त वाईट वाटतं लॅबचं. थिअरी ७० आणि प्रॅक्टिकल ३० मार्कांचं, पण कितीतरी ठिकाणी पोरं वर्षभर फक्त क्लासला जातात, कॉलेजचं तोंड बघत नाहीत आणि प्रॅक्टिकल परीक्षेच्या तोंडावर कुणाच्या तरी जुन्या जर्नलमधून रीडिंग उतरवून काढतात. मीटर ब्रिजच्या, म्हणजे रेझिस्टन्स मोजायच्या उपकरणाच्या, तारेवर जॉकी (टेकवायची धातूची पट्टी) सरकवताना गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर येऊन थांबतो ते त्यांनी कधी बघितलेलंच नसतं. त्यात पोरांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांना कुणी बोलावलंच नाही तर ती काय करणार.

तुमच्या घरात अकरावीतलं पोरगं असेल तर एक करा. पाण्याचं खोल पिंप, साठ-सत्तर सेंटीमीटर पीव्हीसी पाइप आणि मोबाइलवर टोन वाजवणारं एखादं अ‍ॅप, बस. ५१२ चा सूर लावा, पाइप पाण्यात उभा धरून हळूहळू वर उचलायला सांगा. घुमला की पाण्यावरची लांबी मोजायची, मग अजून वर उचलायचा, परत घुमला की परत मोजायचं. वजाबाकीची दुप्पट गुणिले ५१२ म्हणजे आवाजाचा वेग, आणि सेंटीमीटरचं मीटर करायला विसरायचं नाही.