चिमणराव ते आबा टिपरे

मालिकेतल्या विनोदी नटाचे प्रेक्षकांशी नाते मोठे विचित्र असते. नाटकातल्या नटाला पाहायला आपण तिकीट काढून, जरा नीटनेटके होऊन नाशिकच्या शालिमारजवळच्या महाकवी कालिदास कलामंदिरात जातो. मालिकेतला नट मात्र आपण घरच्या कपड्यांत, ताटावर बसलेलो असताना समोर येतो, आणि इतका घरचा होतो की त्याचे खरे नाव विचारायचे कोणाला सुचतच नाही. मुंबई दूरदर्शनवर १९७० च्या दशकाच्या अखेरीस विनोदी लेखक चि. वि. जोशींची चिमणराव-गुंड्याभाऊ ही अजरामर जोडी अवतरली आणि बाळ कर्वे जन्माचे गुंड्याभाऊ होऊन बसले. लोकांचे प्रेमच ते, पण त्या प्रेमात नटाची थोडी कोंडीही होतेच.

चिमणराव झालेले दिलीप प्रभावळकर या कोंडीतून सुटले, आणि तेही विनोदाकडे पाठ न फिरवता. प्रत्येक भूमिकेसाठी त्यांनी आवाज, चाल आणि मान वळवण्याची लकबसुद्धा नव्याने घडवली, त्यामुळे चिमणरावांच्या किनऱ्या, बिचकत्या बोलण्याचा मागमूस १९९३ च्या ‘झपाटलेला’ चित्रपटातल्या खलनायक तात्या विंचूत सापडत नाही. ‘हसवाफसवी’ या नाटकात तर ते एकाच प्रयोगात सहा भूमिका करीत. विंगेत गेलेला माणूस तोच आहे का, अशी कुजबुज आमच्या रांगेतही झाली होती (नाशिककर प्रेक्षक सहसा एवढ्या लवकर चकित होत नाही).

तरीही माझ्या लेखी त्यांची सर्वांत अवघड भूमिका २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’तल्या आबांची. ‘अनुदिनी’ या त्यांच्याच लेखनातून ही मालिका आली आणि केदार शिंदे यांनी ती दिग्दर्शित केली. आबा फारसे विनोद करीतच नाहीत. मुलगा शेखर तावातावाने काही सांगत असतो, सूनबाई श्यामला मध्येच त्याला दुरुस्त करते, नातवंडे शिऱ्या आणि शलाका आपापले घोडे दामटतात. आबा चष्म्यातून एकेकाकडे पाहतात, काहीतरी बोलायला तोंड उघडतात आणि विचार बदलून गप्प बसतात. हसू येते ते त्या गिळलेल्या वाक्याला. साठीही न गाठलेल्या नटाने हे आजोबा असे वठवले की गंगापूर रोडवरच्या आमच्या वसाहतीत वही घेऊन कट्ट्यावर बसणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांना पोरे सर्रास ‘टिपरे’ म्हणू लागली, आणि गृहस्थही ओ देऊ लागले.

पुढे ‘लगे रहो मुन्नाभाई’ आणि ‘शेवरी’ यांसाठी प्रभावळकरांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. पण ‘मुन्नाभाई’तले त्यांचे गांधीजी पडद्यावर दिसताच प्रेक्षक आपोआप सावरून बसतो. आबांसमोर तो जेवत असतो, फोनवर बोलत असतो, मुलांना अभ्यासाला पिटाळत असतो. अशा प्रेक्षकाला आठवड्यामागून आठवडे, आवाज न चढवता, हातातला घास ताटात ठेवायला लावणे मला अधिक कठीण वाटते.