२० कौस १३८६

आमच्या गटातले बहुतेक स्वयंसेवक विशी-बाविशीतले. एकट्यानं देश सोडून आलेली, आश्रयाच्या अर्जाचा निकाल लागायची वाट बघणारी मुलं संध्याकाळी येतात. भाषेचा सराव, गृहपाठ, आलेली पत्रं वाचून दाखवणं, असं आमचं काम. मुलांना त्यांच्या प्रवासाबद्दल आपणहून विचारायचं नाही आणि कायदेशीर सल्ला द्यायचा नाही, हे प्रशिक्षणातच बजावलेलं असतं.

मार्च २०२५ मध्ये एक अफगाण मुलगा असंच पत्र घेऊन आला. त्याला प्रौढांच्या निवासात हलवणार होते. जन्मतारीख लिहिली होती १ जानेवारी २००७, म्हणजे १८ पूर्ण. १ जानेवारी दिसली की मला शंका येतेच. नेमकी तारीख कळली नाही की कचेऱ्या बऱ्याचदा तीच टाकून मोकळ्या होतात. पण १९८९च्या बालहक्क करारानुसार १८च्या आतला तो बालक. पालक नेमणं, शाळा, मुलांसाठीचं घर, सगळं त्या तारखेवर लटकलेलं.

त्याच्या फोनमध्ये लसीकरणाच्या कार्डाचा फोटो होता. फोनवरच्या दुभाष्यानं वाचून सांगितलं: २० कौस १३८६.

अफगाण सौरवर्ष २१ मार्चच्या सुमारास सुरू होतं आणि महिन्यांना राशींची नावं असतात. कौस म्हणजे धनु, नववा महिना. १३८६मध्ये ६२१ मिळवले की २००७ येतात. कुणीतरी तिथंच थांबून दिवस-महिना आपल्या मनानं भरला असणार. कॅलेंडर मांडून मोजलं तर तारीख निघाली ११ डिसेंबर २००७. पोरगा सतराचाच होता!

त्याला मी काहीच कबूल केलं नाही. समन्वयकाला बोलावलं, तिनं त्याच्या वकिलाला फोन लावला. वकीलबाई सावध होत्या. कार्ड हा एकच पुरावा, वयतपासणी होऊ शकते, आणि मनगटाच्या एक्स-रेवरून वयाचा फक्त अंदाज बांधता येतो, त्यात दोनेक वर्षं सहज इकडची तिकडे होतात. तरी स्थलांतर थांबवण्याचा अर्ज त्यांनी त्याच संध्याकाळी पाठवला आणि काही दिवसांत ते थांबलंही.

मुलाला मात्र घराचं फारसं पडलेलं नव्हतं. पत्रात एक वाक्य होतं: अर्जदारानं वयाबद्दल खोटी माहिती दिली. दुभाष्यामार्फत तो तेवढंच विचारत राहिला, ‘ते खोडतील का?’ त्यासाठी वकीलबाईंनी वेगळं पत्र लिहिलं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.