ऑडिशनपासून डिमरबोर्डापर्यंत

आमच्या कॉलेजच्या नाट्यविभागात शिरायचे दोन रस्ते आहेत. एक ऑडिशनचा. पावसाळ्याच्या सुरुवातीला नोटीस लागते, जिन्यापर्यंत रांग जाते. दुसरा रस्ता म्हणजे ऑडिशनला पडल्यावर घरी न जाता तिथेच रेंगाळायचं, कुणीतरी "ए, ती खुर्ची उचल गं जरा" म्हणेपर्यंत. मी दुसऱ्या रस्त्याने आले.

तेव्हा मी एफवायला होते. बीएस्सी, पुढे भौतिकशास्त्र घ्यायचं ठरलेलं, राहायला डोंबिवलीला. नाटक म्हणजे सावित्रीबाई फुले नाट्यगृहात आईबाबांबरोबर पाहिलेली विनोदी नाटकं. त्यातला उजेड कुणीतरी बसून करत असतं, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. ऑडिशनला मी एक उतारा वाचला. दिग्दर्शन करणारा दादा आमच्याच कॉलेजचा माजी विद्यार्थी. तो म्हणाला, "आवाज छान आहे. बॅकस्टेज करशील?" हे वाक्य तो त्या दिवशी निम्म्या रांगेला म्हणाला होता, हे मला नंतर कळलं.

आमच्याकडे बॅकस्टेज म्हणजे नेपथ्य, प्रकाश, संगीत, रंगभूषा-वेशभूषा आणि पडेल ते काम. पहिलं वर्ष सगळं पडेल ते काम. लेव्हल, म्हणजे सेटचे लाकडी चौथरे, उचलायच्या, फ्लॅट, म्हणजे सेटच्या खोट्या भिंती, रंगवायचे, टेम्पोवाल्याशी घासाघीस करायची, पावसात सेटवर प्लास्टिक धरून उभं राहायचं. एकदा सेटची लाकडी खिडकी टेम्पोत मावली नाही म्हणून दुपारच्या लोकलने लेडीज डब्यातून आणली. डब्यातल्या बायकांनी ती दारातून आत घ्यायला मदत केली आणि मग दादर येईपर्यंत माझी उलटतपासणी घेतली. एका काकूंना ठामपणे वाटत होतं की मी घर बदलतेय.

दादरला छबिलदास शाळेची गल्ली रोज वाटेत लागते. सत्तरच्या दशकात 'आविष्कार' आणि इतर संस्थांनी त्या शाळेच्या हॉलमध्ये प्रायोगिक नाटकं केली, तिथूनच 'छबिलदास चळवळ' हे नाव पडलं. आता त्या गल्लीत भाजी आणि मोबाइलची कव्हरं विकत घेणाऱ्यांची गर्दी असते. नाट्यविभागातल्या प्रत्येक नव्या मुलाला कुणीतरी सिनियर तिथे थांबवून ही गोष्ट ऐकवतोच. मलाही ऐकवली. तेव्हा पाठीवर दोरखंडांची पिशवी होती, त्यामुळे फारसं भारावून जाता आलं नाही.

प्रकाशाकडे मी वळले ती त्या वर्षीच्या एकांकिकेमुळे. गिरगावातली चाळ पाडायची आहे, खोली रिकामी करायची शेवटची संध्याकाळ, दोन बहिणी भांडी बांधताहेत. 40 मिनिटांची एकांकिका आणि तेवढाच काळ गोष्टीतही जातो. खिडकीतून येणारं ऊन तिरपं होतं, मावळतं, मग गॅलरीतला दिवा लागतो. लाइट बघणारी ताई टीवायला होती. तिला अभ्यास करायचा होता आणि मी भौतिकशास्त्रवाली. तिने दिवे कमी-जास्त करायचा डिमरबोर्ड माझ्यासमोर सरकवला.

त्याच सुमारास वर्गात ब्लॅकबॉडी रेडिएशन, म्हणजे तापलेल्या वस्तूतून निघणारा उजेड, चाललं होतं. पाठांतर करण्यापलीकडे मला त्यात काही दिसत नव्हतं. बोर्डावर बसल्यावर दिसलं. हॅलोजनमध्ये टंगस्टनची तार तापून उजेड देते. डिमर खाली आणला की तारेचं तापमान उतरतं, आणि उजेड नुसता कमी होत नाही, तो पिवळा होतो, मग नारिंगी होत जातो. वीनचा नियम तोच: तापमान कमी, तर सर्वाधिक तीव्रतेची तरंगलांबी जास्त. म्हणजे हॅलोजन हळूहळू खाली आणला की संध्याकाळ जवळजवळ आपसूक होते. एलईडी पारचं, म्हणजे एलईडीच्या रंगमंचावरच्या दिव्याचं, तसं नाही. तो खाली आणला तरी रंग तोच राहतो, आणि स्वस्तातला असेल तर शेवटच्या टप्प्यात मावळत नाही, टपकन विझतो. एलईडीला वीज कमी लागते, रंगासाठी दिव्यापुढे लावायचा जिलेटिन कागद लागत नाही, हवा तो रंग बटणावर मिळतो, हे सगळं मान्य. पण खिडकीतल्या उन्हासाठी मी हॅलोजनचाच हट्ट धरला. दादाने "का?" विचारलं तेव्हा मी त्याला चक्क नियम सांगितला. त्याने हात जोडले.

खरी मारामारी साडीवरून झाली. मोठ्या बहिणीचं काम करणाऱ्या मुलीने आपल्या आजीची हिरवी इरकल आणली होती. पांढऱ्या उजेडात ती अप्रतिम दिसायची. मावळतीच्या लालसर उजेडात काळी पडायची, कारण हिरवं कापड लाल उजेड शोषून घेतं, डोळ्यांकडे परत यायला काही उरत नाही. वेशभूषावाल्या म्हणाल्या, लाइट बदल. मी म्हणाले, साडी बदला. दोन दिवस आमचं बोलणं नव्हतं. शेवटी खिडकीच्या बाजूने जिलेटिन न लावलेला एक दिवा अगदी मंद ठेवला. चेहरे तांबूस राहिले आणि साडीचा हिरवाही शाबूत राहिला. जिंकलं कोण, ते अजून ठरलेलं नाही.

मग कागदपत्रं. हे कुणी आधी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहिते. नवी संहिता असेल तर बऱ्याच स्पर्धांना रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. बोलीभाषेत 'सेन्सॉर झालं का?' म्हणतात ते हेच. संहिता, अर्ज आणि लेखकाची परवानगी हे सगळं वेळेत गेलं पाहिजे, कारण वाचून मंजुरी यायला वेळ लागतो आणि स्पर्धेची तारीख कुणासाठी थांबत नाही. शिवाय कॉलेजचं पत्र, प्राचार्यांची सही, सगळ्यांची ओळखपत्रं. तालीम रात्री कितीही रंगू दे, सहीसाठी सकाळी ऑफिसच्या खिडकीशी उभंच राहावं लागतं. आमच्यात हे काम ज्याला येतं त्याला नटापेक्षा जास्त जपतात, आणि ते योग्यच आहे.

स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत लाइटच नव्हते. भर दुपारी, एका हॉलमध्ये, ट्यूबलाइटखाली प्रयोग. मला काम नाही म्हणून मागे बसून पाहत होते. तालमीत दादाने मुलींना एक गोष्ट करायला लावली होती: बोलता बोलता खिडकीकडे बघायचं, भांड्यावरचं नाव वाचायला ते उजेडात धरायचं, आणि पुढे पुढे खिडकीच्या जास्त जवळ जायचं. ट्यूबलाइटखाली ते पाहताना मला हॉलमध्ये अंधार पडल्यासारखा वाटला. पोरींनी संध्याकाळ करून टाकली होती. घरी जाताना लोकलमध्ये मी क्यूशीट, म्हणजे कुठल्या क्षणी कुठला दिवा बदलायचा त्याची यादी, काढली आणि एकेक क्यू खोडत गेले. त्या जे करत होत्या तेच मी दिव्यांनी पुन्हा सांगत होते. तालमीत सगळ्यांना वाटत होतं लाइट म्हणजे चमत्कार, आणि चमत्कार कमी केले म्हणून काहीजण नाराजही झाले. पण बहीण भांडं उजेडात धरतेय आणि तिच्या डोक्यावर स्पॉट भडकतोय, हे फार वाईट दिसलं असतं.

अंतिम फेरीला पोचलो. मोठ्या नाट्यगृहात आपले दिवे नसतात. रंगमंचावरच्या आडव्या बारवर जे दिवे टांगलेले असतात त्यातच भागवायचं, आणि सेट लावायला, लाइट बघायला मोजकी मिनिटं मिळतात. त्या मिनिटांत सेटवाले हातोडी घेऊन धावतात, संगीतवाला "हॅलो, चेक" करतो, दादा ओरडतो, आणि आपण खाली मान घालून कुठलं बटण कुठला दिवा ते लिहून घ्यायचं. नाट्यगृहाचे लाइटवाले काका शेजारी बसले होते.

"किती क्यू आहेत गं?"

मी आकडा सांगितला. कमी केल्यानंतरचा.

"एकांकिका आहे की गणपतीचा मंडप?" ते म्हणाले, पण माझा कागद घेतला, वाचला आणि दोन ठिकाणी पेन्सिलने खुणा केल्या. "हिथं घाई करू नको. फेडला वेळ दे. पब्लिक काय गाडी पकडायला नाय आलंय." तिसरी घंटा झाली. बाहेरून कुठल्यातरी कॉलेजचं "अरे आवाज कुणाचा" चालूच होतं. काकांच्या दोन्ही खुणा बरोबर होत्या. बक्षीस दुसऱ्या कॉलेजला गेलं, आणि त्यांची एकांकिका आमच्यापेक्षा चांगली होती.

विद्यापीठाच्या युवा महोत्सवासाठी तीच एकांकिका पुन्हा घेतली. राष्ट्रीय महोत्सवासाठी भारतीय विद्यापीठ संघाचे जे नियम आहेत त्यांत एकांकिकेला 30 मिनिटं, स्किटला 10 आणि माइमला 5. म्हणजे आमची संध्याकाळ दहा मिनिटं लवकर मावळवावी लागली. कापाकापीत लेखक रुसला, पण माझ्या मते एकांकिका सुधारली.

मुंबई विद्यापीठ म्हणजे फक्त चर्चगेट आणि कलिना नाही, हे मला या महोत्सवात समजलं. मुंबईचे दोन जिल्हे, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, एवढा पसारा. पालघरकडची मुलं तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य घेऊन येतात, सिंधुदुर्गाकडची दशावतारातली माणसं बघत मोठी झालेली असतात. दशावतारात रंगमंचावर एक बाकडं असतं. तेच सिंहासन, तेच झोपायचा पलंग. संकासुराच्या सोंगाला कुठलीही क्यूशीट लागत नाही. गप्पा मारताना त्यांच्यातल्या एकाला मी विचारलं, देवळासमोर प्रयोग असतो तेव्हा लाइटचं काय करता? तो म्हणाला, "लावतो." पुढे काही विचारायला सुचलं नाही.

फोर्टचं दीक्षान्त सभागृह आधी फक्त फोटोत पाहिलं होतं. 1874 साली ते बांधून झालं, शेजारचा राजाबाई टॉवर 1878चा. दोन्हींचे आराखडे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने इंग्लंडात बसून काढले, तो मुंबईला कधी आलाच नाही. सभागृहात रंगीत काचांची गोल खिडकी आहे, तिच्यावर बारा राशी. ऊन सरकेल तसे रंग बदलतात. मुंबईचं ऊन स्वतः न बघता त्याने तिथे खिडकी ठेवली, याचा मला लाइटवाली म्हणून थोडा हेवा वाटतो.

बाकी जे शिकले ते प्रेक्षक म्हणून. जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये प्रेक्षक तीन बाजूंनी बसतात. म्हणजे एका बाजूने चेहरा उजळला की दुसऱ्या बाजूच्या लोकांना पाठमोरी सावली दिसते. ते कसं सांभाळलंय हे बघायला मी मुद्दाम कडेची खुर्ची पकडते. आणि चतुरंग प्रतिष्ठानची 'सवाई' एकांकिका स्पर्धा. वर्षभरात वेगवेगळ्या स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिका त्यात उतरतात, आणि अंतिम फेरी 25 जानेवारीच्या रात्री सुरू होऊन प्रजासत्ताक दिनाच्या पहाटेपर्यंत चालते. प्रेक्षकांच्या पसंतीचंही बक्षीस असतं. पहाटेच्या एकांकिकेचे लाइट करणाऱ्याबद्दल मला विशेष आदर आहे. तोवर थिएटरमधली निम्मी जनता पेंगत असते आणि त्यात लांबलचक ब्लॅकआउट दिला तर ती उठतच नाही.

घरच्यांचं थोडक्यात सांगते. डोंबिवलीपर्यंतची रात्रीची गाडी हा आमच्याकडे कायमचा वादाचा विषय. तोडगा असा निघाला की परतीच्या गाडीत बसल्यावर फोन करायचा आणि डोंबिवलीला बाबा स्टेशनवर. 75 टक्के हजेरी हा दुसरा वाद. तो मी प्रॅक्टिकल एकही न चुकवून निभावला. नव्या शैक्षणिक धोरणात सांस्कृतिक कामालाही क्रेडिट मिळतं, त्यामुळे आता नाट्यविभागात नावं भरपूर येतात. सही करून जाणारे कोण आणि थांबणारे कोण, हे पहिली लेव्हल उचलायची वेळ आली की आपोआप समजतं. तरी मला क्रेडिट देणं पटतं. निदान सेट उचलणाऱ्या मुलाचं नाव मार्कशीटच्या आसपास तरी येतं. आतापर्यंत ते फक्त माहितीपत्रकाच्या शेवटच्या ओळीत, 'आणि इतर' मध्ये असायचं.

मी आता टीवायला आहे. यंदाच्या ऑडिशनला मी परीक्षकांच्या बाजूला बसले होते. नापास झाल्यावर जिन्याजवळ घुटमळणारी तीन पोरं हेरली आणि एकाच्या हातात खुर्ची दिली. दादाला हे आवडलं नाही. त्याच्या मते आधी अभिनय करून बघावा, मग मागे जावं. मला उलटं वाटतं, पण आमचा हा वाद दरवर्षी होतो.

पुढचं म्हणाल तर दोन ठिकाणी अर्ज करायचं ठरवलंय. एक विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात, एमएस्सीसाठी. दुसरा अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्समध्ये. दोन्ही कलिनालाच, दोन्हीसाठी कुर्ल्याला उतरायचं, त्यामुळे आईने अजून खोलात जाऊन काही विचारलेलं नाही.