घरी जाऊन दात भरताना

अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांचे दात बहुधा हिरडीलगत, मुळाशी किडतात. तोंड कोरडं पडणं हे मोठं कारण. तिथे ड्रिल लागतंच असं नाही. पाठीला उशा देऊन अर्धवट बसवा. आडवं ठेवलं तर ठसका लागतो. डोक्याला टॉर्च, गालात कापसाच्या गुंडाळ्या. चमच्यासारख्या एक्सकॅव्हेटरने, म्हणजे कीड खरवडायच्या हत्याराने, आधी खड्ड्याच्या कडा नीट स्वच्छ करा, मग तळ. तळाशी, नसेजवळ, फार खरवडू नका. कंडिशनर (सिमेंट दाताला धरावं म्हणून लावायचं सौम्य आम्ल) 10 ते 15 सेकंद, मग ओल्या कापसाने पुसून कोरड्याने टिपा. ग्लास आयोनोमर या भरायच्या सिमेंटवर चमक आहे तोवरच भरा. चमक गेलेलं सिमेंट दाताला धरत नाही. व्हॅसलीन लावलेल्या बोटाने अर्धा मिनिट दाबा. फिलिंग निघालं की सिमेंटला नावं ठेवतात, पण बरेचदा आत शिरलेली लाळच नडते. तासभर चावणं बंद, चहासुद्धा नंतरच.