सागवानाच्या भावाचा भुसा

टिंबर मार्केटात सागवान घनफुटावर विकत मिळतं. ते घरी आणून त्याचा भुसा करण्याचा मला छंद आहे. अतिशयोक्ती नाही, हिशेबच करून बघा. सहा फूट लांब, सहा इंच रुंद आणि एक इंच जाड फळी म्हणजे पाव घनफूट. ती दोन्ही अंगांनी साफ करताना एकेक सूत काढलं, तर इंचाच्या आठ सुतांतले दोन गेले. म्हणजे पाव हिस्सा लाकूड पोत्यात! (मेट्रिक येऊन इतकी वर्षं झाली, पण माझ्यापाशी ‘तीन मिलिमीटर’ म्हणणारा मिस्त्री अजून भेटायचाय. सगळे सुतातच बोलतात.) आणि दुकानदार काही भुशाचे पैसे कापून घेत नाही.

हा उद्योग चालतो कोथरूडमधल्या घराच्या गॅरेजात. गाडी बाहेर पावसात, थिकनेसर आत कोरड्यात. यावर घरात काय बोललं जातं ते इथे लिहीत नाही.

थिकनेसर म्हणजे वर गरगर फिरणारी पाती, खाली सपाट टेबल आणि फळी ओढून नेणारे दोन रूळ. पाहुणे आले की हमखास विचारतात, ‘यात वाकडी फळी घातली की सरळ होऊन बाहेर येते ना?’ नाही येत. पिळलेली फळी रुळांच्या दाबाखाली तेवढ्यापुरती गुपचूप सपाट होते, पातं तिच्यावरून फिरतं, आणि पलीकडे सुटली की ती पुन्हा आपल्या मूळ वळणावर जाते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते सुतारानंच पहिल्यांदा म्हटलं असावं. पीळ तसाच, फक्त आता गुळगुळीत. म्हणून आधी एक अंग हातरंध्यानं किंवा सरफेस प्लेनरवर सपाट करायचं. थिकनेसरचं काम त्यानंतर. सपाट अंगाशी दुसरं अंग समांतर करणं, बस्स.

पीळ बघायची युक्ती मात्र भारी आहे. फळीच्या दोन टोकांवर दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवायच्या, खाली वाकून एक डोळा मिटायचा. मागच्या पट्टीची कड पुढच्या पट्टीच्या एका बाजूला जास्त डोकावली की समजावं, पीळ आहे. आता सहा फुटांत दोन सुतांचा पीळ निघाला, तर तो अख्ख्या फळीतून काढणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. टेबलाच्या पायांना दोन-दोन फुटांचेच तुकडे हवे असतील तर आधी कापायचं, मग रंधा मारायचा. तिन्ही तुकड्यांत पीळ वाटला जातो, एकेकाच्या वाट्याला सूतभरसुद्धा येत नाही. मशीन किती वॉटचं आहे यापेक्षा करवत आधी की रंधा आधी, यावर जास्त लाकूड वाचतं. पण दुकानात गेलं की चर्चा वॉटचीच.

पेठांमधले वाडे पडतात तेव्हा त्यांच्या तुळया आणि कडीपाट जुन्या लाकडाच्या बाजारात येतात. ते सागवान इतकं मुरलेलं असतं की नव्या लाकडासारखं पावसाळ्यात फुगण्या-आक्रसण्याचे नखरे फारसे करत नाही. पण पोटात खिळे असतात. डोकं तुटलेला खिळा डोळ्यांना दिसत नाही. त्याच्याभोवती लाकूड काळं पडलेलं असतं, तेवढीच खूण. मी आधी लोहचुंबक फिरवतो. कारण पात्याला एकदा खाच पडली की पुढच्या प्रत्येक फळीवर त्या जागी बारीक उंच रेघ उमटत राहते, आणि बोट फिरवलं की बोटाला लागते. खिळे नसले तरी सागवान पात्याचा शत्रूच. त्याच्या अंगात सिलिका असते, धार भराभर उतरते. धार उतरली की मशीनचा आवाज बदलतो, साफ कापायचं सोडून ते लाकडावर आपटायला लागतं.

शिसवीची तऱ्हाच वेगळी. तिच्या रेशा, म्हणजे लाकडातले तंतू, एका पट्ट्यात इकडे झुकलेल्या, शेजारच्या पट्ट्यात तिकडे. फळी कुठल्याही बाजूनं घाला, कुठे ना कुठे रेशा उचकणारच. अगदी हलका काप घ्यायचा, पातं ताजं लावायचं, आणि शेवटचं काम मशीन बंद करून पोलादी पत्तीनं खरवडून करायचं. तिचे छिलके जांभळट तपकिरी, कागदाहून पातळ. टाकवत नाहीत, पण ठेवून तरी काय करणार!

नाकावर मास्क लागतोच. लाकडाची धूळ कॅन्सरकारक असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच नोंदवलंय. कानावरही काहीतरी लागतं. आणि दुपारी एक ते चार मशीन बंद, याचं कारण पुण्यात सांगावं लागत नाही.

राहता राहिली पोती. पूर्वी भुशाची शेगडी असायची. पत्र्याच्या शेगडीत मधोमध बाटली उभी धरून भोवती भुसा ठासायचा, बाटली अलगद वर काढून घ्यायची, आणि खालच्या भोकातून ढलपी पेटवून सरकवायची. मग तासन्‌तास धुमसत राहायची ती. त्यासाठी लोक वखारीतून पोत्यानं भुसा आणत. अर्थात करवतीचा बारीक भुसा. रंध्याचे कुरळे छिलके ठासले जात नाहीत, म्हणजे मी त्या काळात असतो तरी माझ्या मालाला उठाव नव्हताच.

आता गच्चीत ओल्या कचऱ्याचं खत करणाऱ्या शेजारच्या काकू आहेत. परवा मोठ्या आशेनं पोतं घेऊन गेलो. त्यांनी मूठभर छिलके हातात घेतले, वास घेतला आणि परत पोत्यात टाकले.

“सागाचा आहे ना हा? नको. वर्ष झालं तरी कुजत नाही. आंब्याचं काही करत नाहीस का रे तू?”

“आंब्याला कीड फार लागते हो, काकू.”

“लागू दे की. मला तो डब्यात घालायचाय, त्याचं कपाट नाही करायचं!”