त्रेपन्नमधला तीन आधी ऐकू येतो

आमच्या शाळेत शिक्षक दोनच. तिसरी-चौथी हेडसरांकडे, पहिली-दुसरी माझ्याकडे. एकाच खोलीत डाव्या हाताला पहिलीची ११ पोरं, उजव्या हाताला दुसरीची १२, आणि मधे माझ्यापुरती वाट. पहिलीला पाटीवर काहीतरी गिरवायला द्यायचं आणि दुसरीकडे वळायचं. वळले रे वळले की मागून हाक येते, "बाई, ह्यानं माझी पेन्सिल खाल्ली." घेतली नव्हे, खाल्ली. बघावं तर खरंच अर्धी खाल्लेली असते.

जत तालुक्याचा हा पूर्वेकडचा भाग. शाळा मराठी, पण निम्म्या घरांत कन्नड. मी कराडकडची. बदली होऊन आले तेव्हा कन्नडचा एक शब्द येत नव्हता. पहिल्याच दिवशी दोन शिकले, नीर आणि ऊटा. पोरांना बाईंशी बोलताना लागतात तेवढेच ते, पाणी आणि जेवण.

तर गेल्या महिन्यातली गोष्ट. परिपाठाला तारीख-वार सांगायचं काम दुसरीतल्या एकेकाला पाळीपाळीनं देते. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा झाली आणि त्या दिवशीचा पठ्ठ्या फळ्याकडं बघून खणखणीत आवाजात म्हणाला, "आज बत्तीस तारीख." फळ्यावर २३ होते. चौथीची पोरं खो खो हसली. हेडसर म्हणाले, "बत्तीस तारीख येत असती तर पगाराला आणखी एक दिवस उशीर झाला असता रे." सगळे हसले, तोही हसला, पण नंतर वर्गात मान खाली घालून बसला. ते मला काही बरं वाटलं नाही.

मग त्याच दिवशी श्रुतलेखनासारखे अंक घातले. 'त्रेपन्न लिहा' म्हटलं. १२ जणांपैकी ७ जणांनी ३५ लिहिले. पूर्वी मी अशा वेळी लाल पेनानं काट मारून 'दहा वेळा लिही' सांगायचे. आम्हालाही तसंच शिकवलं होतं, शिवाय पाठीत एक धपाटा. त्या दिवशी मात्र वही बघण्याऐवजी पोरांचे हात बघत उभी राहिले. 'त्रे' ऐकलं की पेन्सिल ३ काढते. 'पन्न' ऐकलं की त्याच्या उजवीकडे ५. झालं की ३५! मी जे ज्या क्रमानं बोलले ते त्या क्रमानं त्यांनी लिहिलं होतं. एकानं तर ३ काढला, क्षणभर थांबला आणि त्याच्या डावीकडे ५ कोंबला. उत्तर बरोबर, पण उर्दू लिहिल्यासारखं उजवीकडून डावीकडे.

आणि पन्नास तरी नीट ऐकू येतात का? एक्कावन्न, बावन्न, त्रेपन्न, चोपन्न. कुठं 'वन्न', कुठं 'पन्न'. सत्तरचा तर बहात्तरमध्ये 'स'च गायब. आपण हे सगळं इतक्या लहानपणी घोकलेलं असतं की त्यात काही विचित्र आहे हे कळतच नाही. मला कुणी मोबाईल नंबर 'अठ्ठ्याण्णव त्रेपन्न' असा सांगितला तर अजूनही मनातल्या मनात एकदा उलटा करून घ्यावा लागतो. (म्हणून तर सगळे नंबर इंग्रजीत सांगतात.)

आता खिडकीजवळच्या मुलीविषयी. वर्गात ती जवळजवळ बोलतच नाही. हजेरीला फक्त हात वर करते. घरी कन्नड, वडिलांचा आठवडी बाजारात भाजीचा गाळा. तिचे अंक मात्र कधी चुकत नाहीत. ५३, ४७, २९, काहीही घाला, बरोबर. मला वाटलं, शेजारणीचं बघून लिहिते. शेजारणीचे चुकलेले असताना हिचे बरोबर कसे, एवढा साधा विचारही मी केला नाही आणि तिला उचलून पुढं एकटीला बसवलं. ती गुपचूप बसली. उत्तरं तरीही बरोबरच.

एकटी बसल्यामुळेच कळलं खरं तर. लिहिताना तिचे ओठ हलत होते. वाकून ऐकलं तर 'ऐवत्तमूरु' असं काहीतरी. मधल्या सुट्टीत खिचडी करणाऱ्या मावशींना विचारलं. त्या भात चाखून बघत होत्या, तिथूनच म्हणाल्या, "ऐवत्तु म्हंजी पन्नास, मूरु म्हंजी तीन. सोपं हाय की बाई." मग एकवीस? "इप्पत्तोंदु. ईस आणि एक." एकोणचाळीस? "मूवत्तोंबत्तु. तीस नि नऊ."

म्हणजे पोरगी माझं त्रेपन्न ऐकत होती, मनात त्याचं पन्नास-तीन करत होती आणि ऐकू येईल तसं लिहीत होती. बाजारात वडिलांच्या शेजारी बसून दोन्ही भाषांतले आकडे तिच्या कानावरून गेलेले. ज्या पोरीला मी मराठीत कच्ची समजत होते, तिला बाकीच्या अकरा जणांपेक्षा सोपी वाट सापडली होती. दुसऱ्या दिवशी तिला परत खिडकीजवळ बसवलं. जागेवर जाताना तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेही रास्तच.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा किती गदारोळ झाला होता! मंगला नारळीकर गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांमुळे मुलं अडतात, हे त्या परोपरीनं सांगत होत्या. एकवीस, बावीस पुस्तकातून काढलेले नव्हते, शेजारी तेही होतेच. तरी आम्ही शिक्षकांनीच व्हॉट्सअ‍ॅपवर विनोद फिरवले. मीही फिरवले, खोटं कशाला बोलू? तेव्हा माझ्याकडे चौथी होती, आणि चौथीपर्यंत पोरं कशीबशी घोकून पार झालेली असतात. त्रास कुठं होतो ते दुसरीत उभं राहिल्याशिवाय दिसत नाही.

आता मी दोन्ही म्हणवून घेते. तुराट्या सारख्या लांबीच्या तोडून आणल्या, दहा-दहाचे गठ्ठे रबरानं बांधले. पाच गठ्ठे, तीन सुट्ट्या: "पन्नास तीन, त्रेपन्न." आधी हात, मग तोंड, मग पाटी. रबर तोडणे, तुराटीची तलवार करणे हे सगळं मधेमधे चालूच असतं. पहिलीची पोरं आपलं गिरवायचं सोडून गठ्ठे मोजायला येतात, त्यांना मी हाकलत नाही. जेवणाच्या वेळी ताटं मोजायचं काम दुसरीच्या पोरांकडे दिलंय, तांदळाचा हिशेब चौथी करते. डोई १०० ग्रॅम, आज ४१ पोरं, म्हणजे ४ किलो १०० ग्रॅम. परवा ताटं मोजणाऱ्यानं १४ सांगितली, तेव्हा मावशींनी पातेल्याकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघितलं. चौदा-एक्केचाळीसची गाठ अजून सुटायची आहे.

'एकोण'ला मात्र मजा आली. चार गठ्ठे ठेवले, म्हटलं चाळीस. मग एका गठ्ठ्यातली एक काडी ओढून घेतली. "एक उणा. एकोणचाळीस." एकदम शांतता, आणि मग सगळ्यांनाच काडी ओढायची होती. एकोणतीस, एकोणपन्नास, एकोणसाठ. हे मला स्वतःला नोकरी लागेपर्यंत माहीत नव्हतं. एकोणीस म्हणजे एकोणीस, एवढंच.

तेवढ्यात बत्तीस तारीखवाल्यानं दहाच्या दहा गठ्ठे ओढून समोर मांडले. एक काडी काढली. थोडा वेळ बघत बसला आणि म्हणाला, "बाई, एकोणशंभर."

मी म्हटलं, नाही रे, नव्व्याण्णव.

"का पण?"

खिडकीजवळून पहिल्यांदाच आवाज आला, "हां, का?"

हेडसरांना विचारून सांगते म्हटलं. हेडसर पोषण आहाराची माहिती मोबाईलवर भरत होते, नेट मिळत नव्हतं. म्हणाले, "मॅडम, आज नको."

फळ्याच्या कोपऱ्यात त्यानं लिहिलेलं 'एकोणशंबर' तसंच आहे, 'भ'च्या जागी काढलेल्या 'ब'सकट. फळा पुसायची पाळी असलेल्या पोरी रोज तेवढं सोडून बाकीचा पुसतात.