पासाऊ : भिंतीवरच्या रेषा

म्युनिकचे तीन दिवस छान गेले, पण लिहायचंय ते पासाऊ या जर्मन गावाबद्दल. तेही तिथल्या एका भिंतीबद्दल.

पासाऊत डान्यूबला दोन नद्या मिळतात. आल्प्समधून येणारी इन हिरवट, उत्तरेच्या जंगलातली इल्झ काळसर. संगमाच्या टोकाला उभं राहिलं की हे रंग बराच वेळ शेजारी शेजारी वाहताना दिसतात. १६६२ च्या आगीत जवळजवळ सगळं गाव जळलं आणि इटालियन कारागिरांनी ते पुन्हा उभारलं, म्हणून इथल्या गल्ल्या जर्मन कमी, इटालियन जास्त वाटतात.

हॉटेल मुद्दाम जुन्या गावात घेतलं होतं. लिफ्ट नाही, दगडी जिना अरुंद, तिसऱ्या मजल्यावर बॅग नेताना खांदा भरून आला. तरीही राहायचं तर इथेच राहा. दुपारी क्रूझच्या बोटी माणसांचे लोंढे ओततात, तेव्हा चालणं मुश्कील होतं. संध्याकाळी बोटी सुटल्या की गाव आपलं.

अशाच एका संध्याकाळी टाउन हॉलच्या भिंतीवरच्या पुराच्या खुणा पाहिल्या. प्रत्येक रेषेसमोर साल. सगळ्यात वर १५०१. तिच्या जरा खाली २०१३, पाणी १२.८९ मीटर. मान मागे टाकून वर बघावं लागलं. पोटात गोळा आला. मी सांगलीची. २०१९ साली आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा आमच्या खालच्या खोलीत छताला हात लावेल इतकं पाणी होतं. ती ओल भिंतीतून अजून गेलेली नाही. रंग दिला की पोपडे येतात.

सकाळी नाश्त्याला बसले तर विजेचे बोर्ड खांद्याच्या उंचीवर दिसले. मालकीणबाई सत्तरीच्या असाव्यात, कॉफी ओतत होत्या. त्यांना विचारलं, "पुरामुळे?" त्या थबकल्या. आजवर पाहुण्यांनी हे विचारलं नव्हतं म्हणे. मी फोनमधला आमच्या घराचा फोटो दाखवला. किटली खाली ठेवून त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. चिखल उपसायला विद्यापीठाची पोरं कशी फावडी घेऊन आली, ते सांगताना त्यांचे डोळे भरून आले. आमच्याकडेही अनोळखी पोरंच आली होती, कोल्हापूर-साताऱ्याकडून, भाकऱ्यांची गाठोडी घेऊन.

दुपारी कॅथेड्रलमधला प्रसिद्ध ऑर्गन ऐकला. सतरा हजारांवर नळ्या आहेत त्याला. नाद छातीत घुमतो. पण मन त्या टेबलाशीच होतं.

निघताना त्यांनी विचारलं, "पाणी चढायला लागलं तेव्हा तुम्ही आधी काय वर नेलं?"

"आईचं शिलाई मशीन," मी म्हटलं. "आणि तुम्ही?"

"पाहुण्यांच्या गाद्या," त्या म्हणाल्या, आणि बॅगचं एक टोक धरून जिना उतरायला लागल्या.